ग्लाइड स्लोपची सुई मधोमध आहे, फ्लॅगही नाही. तरी विमान चुकीच्या उतारावर असू शकतं का?

सारसपंख:

इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या लेखी परीक्षेची तयारी चालू आहे. आयएलएसचं, म्हणजे बाहेर दिसत नसतानाही विमानाला धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या रेडिओ यंत्रणेचं, पुस्तकी वर्णन पाठ आहे. लोकलायझर १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डावं-उजवं दाखवतो, ग्लाइड स्लोप ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वर-खाली दाखवतो, दोन्हींवर ९० आणि १५० हर्ट्झचे सूर चढवलेले असतात आणि सुया मधोमध ठेवल्या की विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं धावपट्टीवर येतं.

अडतंय ते इथून पुढे. प्रत्येक पुस्तकात लिहिलंय की ग्लाइड स्लोप खालून पकडा, कारण वर खोटे उतार असतात. हे खोटे उतार मुळात तयारच का होतात? अँटेना नीट बनवून ते टाळता येत नाहीत का? दुसरं, सिग्नल बिघडला तर फ्लॅग (सुईवर विसंबू नका सांगणारी खूण) येतो असं शिकवतात, पण मग अंतर आणि उंची पुन्हा पुन्हा ताडून बघण्याचा एवढा आग्रह कशासाठी? आणि तिसरं, धुक्यात विमानांना टॅक्सीवेवर नेहमीपेक्षा मागेच का थांबवतात? दिसत नाही म्हणून, की आयएलएसशी त्याचा संबंध आहे?

सूत्रं आली तरी चालतील, पण कॉकपिटमध्ये नेमकं काय करायचं तेही सांगा.


रेडिओरेषा:

हो, असू शकतं. सुई तुमची जागा मोजत नाही, ती दोन सुरांमधला फरक मोजते. तुमचे तिन्ही प्रश्न इथूनच सुटतात.

आधी लोकलायझर. त्याची अँटेनांची रांग धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाच्याही पुढे, साधारण ३०० मीटरवर असते. तिथून दोन सिग्नल जातात. पहिला सीएसबी, म्हणजे कॅरिअर (मूळ रेडिओ लहर) आणि त्यावर ९० व १५० हर्ट्झचे सूर सारख्याच प्रमाणात, प्रत्येकी २० टक्के. दुसरा एसबीओ, म्हणजे कॅरिअर काढून टाकून उरलेले नुसते साइडबँड (सुरांमुळे तयार झालेला भाग). रांगेच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागाला एसबीओ उलट फेजमध्ये दिलेला असतो, त्यामुळे मध्यरेषेवर तो स्वतःला खोडून शून्य होतो. मध्यरेषा सोडली की एका बाजूला तो ९० मध्ये मिळतो आणि १५० मधून वजा होतो, दुसऱ्या बाजूला नेमकं उलट. अप्रोचवरच्या पायलटच्या नजरेनं डावीकडे ९० जास्त, उजवीकडे १५० जास्त. रिसीव्हर दोन्ही सूर गाळून वेगळे करतो आणि त्यांच्या मॉड्युलेशनमधला फरक काढतो. त्याला डीडीएम म्हणतात. लोकलायझरचा डीडीएम ०.१५५ झाला की सुई टोकाला टेकते. ग्लाइड स्लोपवर प्रत्येक सूर ४० टक्के असतो आणि सुई ०.१७५ ला टोकाला जाते.

आता ग्लाइड स्लोप. त्याचा खांब थ्रेशोल्डपासून (धावपट्टीच्या सुरुवातीपासून) साधारण ३०० मीटर आत, धावपट्टीच्या बाजूला असतो. रचना अशी ठरवतात की थ्रेशोल्डवरून जाताना विमानाचा अँटेना साधारण ५० फुटांवर असावा. सर्वात साध्या प्रकारात, नल रेफरन्समध्ये, खांबावर दोन अँटेना असतात. खालच्याला सीएसबी, वरच्याला एसबीओ, आणि वरचा खालच्याच्या दुप्पट उंचीवर. यातली कळीची गोष्ट म्हणजे ३ अंशांची रेघ अँटेना एकटा आखत नाही, समोरची जमीन आखते. अँटेनातून थेट येणारी लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर हवेत एकमेकींत मिसळतात आणि काही ठराविक कोनांवर एकमेकींना खोडतात. वरच्या अँटेनाचं पहिलं शून्य ३ अंशांवर यावं म्हणून त्याची उंची तरंगलांबी भागिले ३ अंशांच्या साइनची दुप्पट, इतकी ठेवावी लागते. ३३३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.९ मीटर, म्हणजे वरचा अँटेना ८.६ मीटरवर आणि खालचा ४.३ मीटरवर.

परावर्तनावर चालणाऱ्या अँटेनाला एकच शून्य मिळत नाही. ३ ला आहे, तर ६ आणि ९ लाही असणारच. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. हा कारागिरीतला दोष नाही, भूमितीच तशी आहे. नल रेफरन्समध्ये ६ अंशांवर सीएसबीसुद्धा शून्य होतो, म्हणून तिथे सिग्नलच मरतो. ९ अंशांवर मात्र सीएसबी जोरात असतो आणि एसबीओ शून्य, म्हणजे रिसीव्हरच्या लेखी अगदी निर्दोष ग्लाइड स्लोप. फक्त तिथे दिशा उलटलेली असते. विमान त्या रेघेच्या जरा वर असेल तर सुई सांगते 'अजून वर जा'. कॅप्चर इफेक्ट प्रकारात खांबावर तीन अँटेना असतात आणि पॅटर्न वेगळा दिसतो. त्यात ६ अंशांच्या आसपासही कधीकधी अशी उलटापालट होते.

फ्लॅगचं म्हणाल तर तो दोनच गोष्टी बघतो, कॅरिअर पुरेसा आहे का आणि दोन्ही सुरांची बेरीज ठीक आहे का. फरक खरा आहे की खोटा, हे तपासायचं साधन त्याच्याकडे नाही. एसबीओ पूर्णपणे बंद पडला आणि सीएसबी चालू राहिला तर काय होईल, विचार करून बघा. दोन्ही सूर सारखे, बेरीज बरोबर, फरक शून्य. सुई मधोमध, फ्लॅग गायब, विमान आकाशात कुठेही असो.

हे २९ जुलै २००० रोजी सामोआमधल्या आपियाच्या फालेओलो विमानतळावर घडलं. एअर न्यूझीलंडचं ६० क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७६७, रात्रीची वेळ. ग्लाइड स्लोपचा ट्रान्समीटर कामानंतर बायपासवर राहिला होता, त्यामुळे मॉनिटर (सिग्नलवर लक्ष ठेवणारं यंत्र) तो बंद करू शकत नव्हता आणि हवेत चुकीचा सिग्नल जात होता. सुई पूर्ण वेळ 'ऑन ग्लाइड' दाखवत राहिली. धावपट्टीपासून साधारण साडेपाच नॉटिकल मैल अलीकडे विमान ४०० फुटांच्याही खाली आलं होतं. बाहेरचे दिवे आणि डीएमईचं (अंतर मोजणाऱ्या रेडिओ यंत्राचं) अंतर यांचा मेळ बसत नाही हे क्रूच्या लक्षात आलं आणि त्यांनी गो-अराउंड केलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेले. यंत्रणेतल्या एकाही दिव्यानं किंवा घंटेनं त्यांना सावध केलं नव्हतं.

आणखी एक. मोर्समधला ओळख संकेत फक्त लोकलायझरवर असतो. ग्लाइड स्लोपला स्वतःची ओळख नसते, त्याची फ्रीक्वेन्सी लोकलायझरशी जोडलेली असते आणि आपोआप लागते. संकेत ऐकू आला म्हणजे ग्लाइड स्लोप ठीक आहे असं मुळीच नाही.


क्रॉसचेक:

वरच्या प्रतिसादातलं कॉकपिटमध्ये कसं वापरायचं, ते सांगतो.

३ अंशांचा उतार म्हणजे दर नॉटिकल मैलाला ३१८ फूट. त्यात थ्रेशोल्डवरचे ५० फूट मिळवा. थ्रेशोल्डपासून ४ मैलांवर तुम्ही धावपट्टीच्या पातळीपासून साधारण १,३२० फुटांवर असायला हवं. त्याच जागी ६ अंशांवर असाल तर उंची २,६०० च्या घरात येईल, ९ अंशांवर ३,९०० च्या घरात. फरक इतका ढोबळ आहे की डोक्यात '३०० गुणिले अंतर' केलं तरी लगेच कळतो. तोंडी हिशेब फक्त इशाऱ्यासाठी, खरा आकडा चार्टवरचा. चार्टवर फायनल अप्रोचच्या ठरावीक अंतराला किती उंची असावी ते छापलेलं असतं. ती उंची ओलांडताना अल्टिमीटर बघून मोठ्यानं बोला. आणि डीएमई शून्य कुठे दाखवतो ते ब्रीफिंगमध्येच वाचून ठेवा. तो सगळीकडे थ्रेशोल्डला शून्य दाखवत नाही, कधी तर तो विमानतळावरच नसतो. ६ ऑगस्ट १९९७ ला गुआमला कोरियन एअरचं ८०१ हे विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर आदळलं. तिथला ग्लाइड स्लोप बंद असल्याची सूचना आधीच दिलेली होती आणि डीएमई धावपट्टीपासून तीन मैलांहून जास्त अलीकडे, त्या टेकडीवरच्या व्हीओआर या रेडिओ दिशादर्शकापाशी होता.

या तपासणीतून अल्टिमीटरचं क्यूएनएच (हवेच्या दाबाचं सेटिंग) चुकलं असेल तर तेही उघडं पडतं. १० हेक्टोपास्कलची चूक म्हणजे पावणेतीनशे फुटांच्या आसपास फरक. आयएलएसचा उतार क्यूएनएचवर अवलंबून नाही, पण तुमची डिसीजन अल्टिट्यूड (उतरायचं की सोडायचं हे ठरवायची उंची) आहे. थंडी फार असेल तर मात्र लक्षात ठेवा, उतार जागचा हलत नाही पण अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. त्यामुळे तपासणीच्या जागी आकडा छापील उंचीपेक्षा थोडा वर दिसला तर लगेच उतार खोटा समजू नका.

पकडण्याचा क्रम असा ठेवा. फ्रीक्वेन्सी, ओळख संकेत, इनबाउंड कोर्स, मिनिमा (उंची आणि दृश्यमानतेच्या किमान मर्यादा) हे सगळं वळणाआधी. मग ३० अंशांच्या आसपासच्या कोनात लोकलायझरकडे. विमान मध्यरेषेच्या १० अंशांच्या आत आणि २५ नॉटिकल मैलांच्या आत आल्यावरच सिग्नलवर विसंबा. १० अंशांच्या बाहेर, ३५ अंशांपर्यंत, खात्री १७ मैलांपुरतीच असते आणि त्याही पलीकडे खोटे कोर्स भेटू शकतात. ग्लाइड स्लोपची खात्री १० मैलांची, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ८ अंश. लोकलायझर पकडला जाईपर्यंत ग्लाइड स्लोपच्या मागे लागू नका. विमान समतल, सुई वरून खाली सरकत येतेय, एक डॉट (सुईच्या पट्टीवरची खूण) उरला की गिअर आणि फ्लॅप तुमच्या विमानाच्या पद्धतीप्रमाणे, सुई मधे आली की उतरायला सुरुवात.

उतरण्याचा दर म्हणजे ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) गुणिले ५. १४० नॉटला ७०० फूट प्रतिमिनिट, नेमका हिशेब ७४० च्या आसपास येतो. हा आकडा फार कामाचा आहे. सुई मधे आहे, वेग १४० आहे आणि व्हीएसआय (उतरण्याचा दर दाखवणारं यंत्र) १,४०० दाखवतोय, तर तुम्ही ३ अंशांच्या उतारावर नाही. पुढे विचार करत बसायची गरज नाही, गो-अराउंड.

हातानं उडवणाऱ्यांसाठी सुईच्या संवेदनशीलतेबद्दल. लोकलायझरची रुंदी अशी जुळवतात की थ्रेशोल्डवर सुई टोकाला असेल तर विमान मध्यरेषेपासून १०५ मीटरवर असतं. धावपट्टी ३ किलोमीटरची आणि अँटेना तिच्या ३०० मीटर पुढे धरली तर हा कोन दोन्ही बाजूंना १.८ अंश येतो. म्हणजे थ्रेशोल्डपासून १० मैलांवर सुई टोकाला असणं म्हणजे जवळजवळ ७०० मीटर बाजूला. दोन डॉटच्या पट्टीवर एक डॉट तिथे ३५० मीटरचा, थ्रेशोल्डवर ५० मीटरचा. ग्लाइड स्लोपची अर्धी जाडी साधारण ०.७ अंश, अँटेनापासून १० मैलांवर ७४० फूट आणि एका मैलावर फक्त ७४. लांबवर चालून गेलेली सुधारणा जवळ आल्यावर सुईला या टोकाकडून त्या टोकाला फेकते. म्हणून सुईच्या मागे धावू नका. वारा जमेस धरून एक हेडिंग ठरवा, सुई सरकली तर ५ अंशांहून जास्त वळू नका, शेवटच्या दोन मैलांत तर २ अंशही पुष्कळ झाले. उताराचंही तसंच. १४० नॉटला नाक एक अंश हललं की दर २५० फुटांच्या आसपास बदलतो, तेवढ्यावर भागवा.

१,००० फुटांवर वेग, दर, कॉन्फिगरेशन, थ्रस्ट यातलं काही जाग्यावर नसेल, किंवा त्याखाली सुई अर्ध्या पट्टीपलीकडे गेली, तर सोडून द्या आणि पुन्हा या.


सारसपंख:

दोघांचेही आभार. एसबीओ बंद पडला तर सुई मधे राहते, ही गोष्ट मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात इतकी स्पष्ट नव्हती.

एक शंका. ९ अंशांवर विमान जाईलच कशाला? एवढं उंच असेल तर पायलटला आधीच कळायला हवं ना? आणि ऑटोपायलट तिथे नेमकं काय करतो? धुक्याचा प्रश्नही राहिलाय.


धुकेरेषा:

जातं. मागून वारा असतो, रडारवरून जवळचं वळण मिळतं, उतरायला उशीर होतो. मग क्रू अप्रोच मोड आर्म करून (ऑटोपायलटला उतार पकडायला सज्ज करून) वरूनच उताराला गाठायला बघतो. विमान समतल किंवा जेमतेम उतरत धावपट्टीकडे जात असतं तेव्हा अँटेनाच्या नजरेनं त्याचा कोन वाढत जातो. ६, ७, ८. इथपर्यंत सुई खाली, म्हणजे 'उतरा'. ९ च्या जवळ ती मधे येऊ लागते आणि ऑटोपायलटला वाटतं ग्लाइड स्लोप आला, तो पकडतो. विमान ९ च्या किंचित वर सरकलं की उलटलेला सिग्नल 'वर जा' सांगतो. ऑटोपायलट नाक उचलतो, त्यामुळे कोन आणखी वाढतो, त्यामुळे 'वर जा' आणखी जोरात. वेग कमी असतो आणि थ्रस्ट आयडलला असतो, त्यामुळे काही सेकंदांत स्टिक शेकर (वेग धोकादायकरीत्या घटल्याचा इशारा) थरथरू लागतो. मे २०१३ मध्ये आइंडहोव्हेनला एका बोइंग ७३७-८०० च्या बाबतीत हेच झालं. क्रूनं विमान सावरलं, गो-अराउंड केलं, आणि डच सेफ्टी बोर्डानं या उलट्या सिग्नलचा मुद्दाम अभ्यास करून इशारा दिला. वरून पकडायचीच वेळ आली तर तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधली पद्धत वापरा, अंतर-उंची ताडून ३ अंशांच्या जवळ आल्याशिवाय ग्लाइड स्लोप आर्म करू नका, आणि हात कंट्रोलवर ठेवा.

आता धुकं. मागे थांबवण्याचं मुख्य कारण आयएलएसच आहे. विमान हा मोठा धातूचा पत्रा, त्याच्या शेपटीवरून लोकलायझरची लहर परावर्तित होते. थेट आलेली आणि वळून आलेली लहर रिसीव्हरमध्ये एकत्र पोचल्या की दोन सुरांचं प्रमाण बिघडतं आणि मध्यरेषा वाकडी होते. अँटेनाभोवतीचा क्रिटिकल एरिया आयएलएस चालू असताना वाहनं आणि विमानांपासून मोकळाच ठेवतात. त्याबाहेरचा सेन्सिटिव्ह एरिया बराच मोठा असतो, तो फक्त लो व्हिजिबिलिटी प्रोसिजर लागू असताना राखतात. सर्वसाधारणपणे आरव्हीआर (धावपट्टीवर किती लांबचं दिसतं ते अंतर) ५५० मीटरच्या खाली किंवा ढगांचा तळ २०० फुटांच्या खाली गेला की. टॅक्सीवेवर दुसरी, मागची थांबरेषा असते ती यासाठी, आणि दोन विमानांमधलं अंतरही याच कारणानं वाढवतात. आधी उतरलेलं विमान सेन्सिटिव्ह एरियातून बाहेर पडल्याशिवाय पुढच्याला परवानगी नाही.

यातली खाच अशी की हवा चांगली असताना हे संरक्षण नसतं. कॅट १ च्या (आयएलएसच्या सर्वात साध्या श्रेणीच्या) हवेत सरावासाठी ऑटोलँड (ऑटोपायलटनं उतरणं) करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. ३ नोव्हेंबर २०११ ला म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ ऑटोलँड करत होतं, लो व्हिजिबिलिटी प्रोसिजर लागू नव्हती. त्याच धावपट्टीवरून समोर एक छोटं जेट उडालं आणि लोकलायझरच्या अँटेनासमोरून गेलं. सिग्नल वाकला, जमिनीच्या अगदी जवळ आलेलं ७७७ डावीकडे कललं, टेकल्यावर धावपट्टी सोडून गवतात गेलं, तिथून वळून धावपट्टी ओलांडून उजव्या बाजूला थांबलं. कोणी जखमी झालं नाही. असा सराव करायचा असेल तर टॉवरला आधी सांगा, संरक्षण आहे का विचारा, आणि नसेल तर डिस्कनेक्टच्या बटणावर अंगठा तयार ठेवा.

कॅट १ च्या आकड्यांबद्दल एक गोष्ट परीक्षेत उपयोगी पडेल. डिसीजन हाइट २०० फूट आणि आरव्हीआर ५५० मीटर. २०० फुटांवर असताना थ्रेशोल्ड अजून ८७० मीटर पुढे असतो. म्हणजे किमान आरव्हीआरमध्ये त्या क्षणी धावपट्टी दिसतच नाही, अप्रोच लाइट दिसतात, आणि निर्णय त्यांच्यावरच घ्यायचा असतो. तेही दिसत नसताना धावपट्टी दिसायची वाट बघत आणखी खाली जाणं हा नियमभंग आहे. कॅट २ मध्ये हाइट १०० फुटांपर्यंत आणि आरव्हीआर ३०० मीटरपर्यंत खाली येते. तिथे हाइट रेडिओ अल्टिमीटरवर मोजतात, कारण एवढ्या खाली दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरची चूक परवडत नाही.


रेडिओरेषा:

@धुकेरेषा, सेन्सिटिव्ह एरियाबद्दल एक जोड. जमिनीवरचा मॉनिटर बिघाड ओळखून ट्रान्समीटर बदलतो किंवा बंद करतो. लोकलायझरला त्यासाठी कॅट १ मध्ये १० सेकंद, कॅट २ मध्ये ५ आणि कॅट ३ मध्ये २ सेकंदांची मुभा असते. ग्लाइड स्लोपला कॅट १ मध्ये ६, पुढे २. पण मॉनिटर अँटेनाजवळचा सिग्नल बघतो. मधे उभ्या असलेल्या विमानानं दूरवर वाकवलेला सिग्नल त्याला दिसेलच असं नाही. म्हणून तो भाग मोकळा ठेवण्याला पर्याय नाही.

@सारसपंख, जमिनीचा आणखी एक परिणाम. ग्लाइड स्लोप समोरच्या सपाट जमिनीवर अवलंबून असल्यानं तिथे बर्फ साचला तर परावर्तनाची पातळी वर येते, म्हणजे अँटेनाची उंची कमी झाल्यासारखी होते. ८.६ मीटरमधले ३० सेंटिमीटर गेले तर ३ अंशांचे ३.१ होतात. ओला बर्फ आणि कोरडा बर्फ सारखे वागत नाहीत, म्हणून तिथली जमीन साफ ठेवतात किंवा नोटाम (वैमानिकांसाठीची सूचना) काढून ग्लाइड स्लोप वापरातून काढतात.

आणि देखभाल चालू असताना ओळख संकेत बंद असतो किंवा त्याच्या जागी मोर्समध्ये 'टेस्ट' वाजतो: डॅश, डॉट, तीन डॉट, डॅश. अशा वेळी सुया कितीही छान हलत असल्या तरी ती यंत्रणा तुमच्यासाठी नाही. संकेत आला की नाही एवढं ऐकून पुढे जाऊ नका, अक्षरं चार्टवरच्या अक्षरांशी जुळवा. एकाच धावपट्टीच्या समोरासमोरच्या दोन टोकांच्या आयएलएसना काही ठिकाणी एकच फ्रीक्वेन्सी दिलेली असते आणि एका वेळी त्यातली एकच चालू असते. तुम्ही उतरताय त्या टोकाचीच चालू आहे ना, हे फक्त त्या अक्षरांवरून कळतं.